हरकत परवाना मिळाल्यावर नको, वापर बदलतानाच हवी

महोदय,

पणजीत फोंताइन्हास, मळा, सांतीनेज किंवा 18 जून मार्गाच्या आतल्या गल्ल्यांत नवा बार, क्लब, मसाज पार्लर वा कॅसिनोचे कार्यालय उघडले की वाद पेटतो. तो जवळजवळ प्रत्येक वेळी उशिरा पेटतो आणि चुकीच्या दारात जाऊन थांबतो. रहिवासी सह्यांचे निवेदन घेऊन महापौरांना भेटतात. महापालिका अबकारी खात्याकडे बोट दाखवते, अबकारी खाते कागदपत्रे पूर्ण असल्याचे सांगते, पोलीस फक्त आवाजापुरते येतात. तोवर धंदा सुरू झालेला असतो. या वादाचे मूळ इमारतीच्या मंजूर वापरात असते आणि तिकडेच कोणी पाहत नाही.

पणजीतील जमिनीचा झोन बाह्य विकास आराखड्याने म्हणजे ओडीपीने ठरतो. तो उत्तर गोवा नियोजन व विकास प्राधिकरणाच्या (पीडीए) हाती आहे आणि त्याला आधार 1974 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याचा आहे. निवासी भाग ‘एस’ आणि व्यापारी भाग ‘सी’ अक्षराने दाखवलेले असतात. कोणत्या झोनमध्ये काय चालते, हे 2010 च्या जमीन विकास व बांधकाम नियमावलीत दिलेले आहे. जागा व्यापारी झोनमध्ये असेल तर ‘इथे बार नको’ ही हरकत झोनच्या मुद्द्यावर टिकत नाही. ती टिकेल असे सांगून लोकांना सह्या करायला लावणारे त्यांचा वेळ फुकट घालवतात. व्यापारी झोनमध्ये लढायचे ते वेळ, आवाज, आग, सांडपाणी आणि पार्किंग यांवर. निवासी झोनमध्ये मात्र वापर हाच मुख्य मुद्दा असतो.

म्हणून तोंड उघडण्याआधी झोनिंगचा दाखला घ्यावा. त्यासाठी जागेचा पी. टी. शीट क्रमांक (शहर मोजणीच्या नकाशाचा) आणि चलता क्रमांक (त्या नकाशावरील भूखंडाचा) लागतो. पणजीत घर क्रमांकावरून झोन शोधू गेले की अर्ज परत येतो, कारण आराखडा सिटी सर्व्हेवर बेतलेला आहे. एकाच चलता क्रमांकात रस्त्याकडचा पट्टा व्यापारी आणि मागचा भाग निवासी असेही असू शकते. अशा वेळी क्लबचे स्वयंपाकघर वा मागचे अंगण नेमके कुठल्या भागात येते, हे नकाशावर मोजून घ्यावे लागते.

आता मुख्य गोष्ट. असा धंदा एका दिवसात उभा राहत नाही, टप्प्याटप्प्याने सरकतो. जुन्या घराचा तळमजला आधी दुकान होतो, दुकानाचे कॅफे होते, कॅफेला दारूचा परवाना मिळतो, मग एका कोपऱ्यात डीजे येतो आणि शेवटी मागच्या अंगणावर पत्रे चढतात. प्रत्येक टप्प्यावर एकेक खाते फक्त आपला कागद पाहते. नियोजन खात्याने बघायचा असतो वापर, महापालिकेने बांधकाम आणि भोगवटा दाखला (इमारत मंजूर वापरासाठी वापरता येते याचा), अबकारी खात्याने जागा आणि अंतर, अग्निशमन दलाने बाहेर पडण्याचे मार्ग, प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांडपाणी व आवाज. वापरबदलाचा प्रश्न पहिल्या दोन टप्प्यांतच असतो. नेमके तेव्हा कोणी विचारत नाही, कारण कॅफेला कोणाचा विरोध नसतो.

घराचे उपाहारगृह होणे हा साधा बदल नाही. तिथे गर्दी वाढते, चुलीची आग वाढते, तेलकट पाणी वाढते. जुन्या घरांची छपरे लाकडी वाशांवर मंगलोरी कौलांची, जमीन लाकडी फळ्यांची, जिना अरुंद आणि बहुधा एकच. अशा घरात दहा माणसे राहतात तेव्हाचा धोका वेगळा आणि रात्री शंभर माणसे नाचतात तेव्हाचा वेगळा. व्यापारी गॅस सिलिंडर 19 किलोचा असतो. विशेष परवान्याशिवाय 100 किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो, म्हणजे भरलेले पाच सिलिंडर. सहावा आला की मर्यादा ओलांडली. तेलसापळा नसेल तर तळणीचे तेल गटारात जाऊन घट्ट होते आणि पहिल्या मोठ्या पावसात गटार तुंबते. सांतीनेजच्या खाडीकाठी हे वेगळे सांगायला नको.

6 डिसेंबर 2025 च्या रात्री उत्तर गोव्यातील हडफडे गावच्या नाइटक्लबला आग लागली आणि 25 जणांचे प्राण गेले. तिथल्या बांधकामावर पंचायतीने पाडण्याचा आदेश काढला होता, त्याला अपिलात स्थगिती मिळाली आणि व्यवसाय चालू राहिला. बांधकाम पाडण्याला स्थगिती म्हणजे धंदा चालवण्याची परवानगी, असा अर्थ काढण्याची पद्धत पडली आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्थगिती मिळाल्याचे कळताच रहिवाशांनी हस्तक्षेप अर्ज करावा आणि त्यात एकच मागणी स्पष्ट लिहावी: बांधकामाचा निकाल लागेपर्यंत तिथे लोकांना प्रवेश देऊ नये.

कागद मिळवण्याचा रस्ता माहिती अधिकाराचा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘सदर बार कायदेशीर आहे का?’ असे विचारले की ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेले, कारण मत सांगणे हे माहिती अधिकाऱ्याचे काम नाही. कागदच मागावेत: मंजूर आराखड्याची व भोगवटा दाखल्याची प्रमाणित प्रत, व्यापारी परवाना, अबकारी परवान्याला जोडलेला जागेचा नकाशा, अग्निशमनचा ना हरकत दाखला आणि प्रदूषण मंडळाची संमती. मग सगळे कागद शेजारी ठेवून फक्त चौरस मीटर वाचावेत. आराखड्यात जिथे पार्किंग आहे तिथे अबकारी नकाशात टेबले दिसतात. व्यापारी परवाना एका खोलीचा आणि गिऱ्हाईक तीन खोल्यांत. ही तफावत दाखवणारे एक पान शंभर सह्यांपेक्षा जड असते, कारण त्यावर अधिकाऱ्याला लेखी उत्तर द्यावेच लागते.

दारूच्या परवान्यासाठी शाळा व प्रार्थनास्थळापासून 100 मीटरची अट आहे. ती परवाना देताना तपासायची असते. म्हणून हरकत अर्ज प्रलंबित असतानाच पोचली पाहिजे. अंतर कुठून कुठे मोजले, फाटकापासून की दरवाजापासून, सरळ रेषेत की रस्त्याने, याचा मोजणी अहवाल मागावा. बहुतेक वाद इथल्या आठ-दहा मीटरवर ठरतात. महामार्गालगतच्या दारूबंदीचा सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा निकाल मात्र शहरात पुढे करू नये. 2017 मध्येच न्यायालयाने तो पालिका क्षेत्रातील परवान्यांना आड येत नसल्याचे स्पष्ट केले आहे.

आवाजाबाबत सर्वांत जास्त गोंधळ आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागात 65 आणि 55, शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्र म्हणजे दहा ते सहा. तक्रार घेतल्यावर पहिला वाद हाच की गल्ली निवासी धरायची की व्यापारी. फरक दहा डेसिबलचा, म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापट. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेल्या मिश्र वस्तीला कोणत्या गटात घालायचे हे सक्षम अधिकाऱ्याने जाहीर करायचे असते. पणजीच्या जुन्या वाड्यांसाठी हे गल्लीवार जाहीर व्हावे, नाहीतर प्रत्येक तक्रार याच प्रश्नावर अडकेल.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक फक्त बंदिस्त जागेत, आतल्या लोकांपुरता चालतो. कौलांखालची उघडी पडवी किंवा तीन बाजूंनी मोकळा पत्र्याचा मांडव बंदिस्त नव्हे, हे तक्रारीत फोटोसह लिहावे. मोबाइलवरील अ‍ॅपचे आकडे पुरावा म्हणून टिकत नाहीत, प्रमाणित यंत्रानेच मोजणी मागावी. त्यातही एक अडचण आहे. नियमातील मोजणी ‘ए’ श्रेणीची असते आणि ती खर्जातला धडधडाट कमी धरते. त्यामुळे खिडकीच्या काचा थरथरतात, तरी आकडा मर्यादेत येतो. अशा ठिकाणी ‘सी’ श्रेणीचे वाचनही नोंदवायला सांगावे. मर्यादा ठरलेली नसली तरी दोन आकड्यांतला फरक खर्जाचा भार उघडा करतो.

मांडवीतील कॅसिनोंबद्दल थोडक्यात. 1976 च्या जुगार कायद्यात 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि 1996 मध्ये जहाजांना वाट करून दिली गेली. नदीला झोन नसतो, त्यामुळे जहाजाविरुद्ध ओडीपी दाखवून उपयोग नाही. पण जहाजावर जाणारा माणूस जमिनीवरूनच जातो. दयानंद बांदोडकर मार्गावरील कार्यालये, जेटीचे प्रवेशद्वार, गाड्या उभ्या करण्याची जागा, जनरेटर हे सारे जमिनीवर आहे आणि त्या प्रत्येकाला वापराची परवानगी लागते. नगरनियोजनाचा हात तिथेच पोचतो.

झोनबदलाकडेही लक्ष हवे. नगर व ग्राम नियोजन कायद्यात झोन बदलण्याच्या दोन वाटा आहेत. त्यातले कलम 17(2) प्रादेशिक आराखड्यापुरते (राज्याच्या जमीनवापराच्या आराखड्यापुरते) होते आणि त्याखालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. कलम 39अ मात्र ओडीपीलाही लागू आहे. त्याखालच्या प्रस्तावावर हरकतींसाठी 30 दिवसांची मुदत असते. राजपत्र कोणी वाचत नाही, म्हणून ती मुदत निसटते. प्रत्येक प्रभागात दोघांनी तरी दर आठवड्याला राजपत्र चाळावे, इतके हे महत्त्वाचे आहे.

महापालिकेकडे आमची मागणी अशी. व्यापारी परवान्यावर भोगवटा दाखल्यातील वापर आणि चौरस मीटर छापलेच पाहिजेत. ते जुळत नसतील तर नूतनीकरण थांबवावे. आणि उपाहारगृह, बार, क्लब वा पार्लरसाठी अर्ज आला की निर्णयाच्या किमान 15 दिवस आधी त्याच जागेच्या दारावर कोकणी, मराठी व इंग्रजीत नोटीस लावावी, तिच्यावर अर्जाचा क्रमांक, मागितलेला वापर आणि बंद होण्याची वेळ असावी. याला नवा कायदा लागत नाही, आयुक्तांचे परिपत्रक पुरेसे आहे. नियमाने चालणाऱ्या जुन्या बारवाल्यांचाही यात फायदाच आहे, कारण आज त्यांचे नाव शेजारच्या बेकायदा क्लबमुळे खराब होते. आर्थिक वर्षाअखेरच्या नूतनीकरणाआधी हे परिपत्रक निघावे.

आपले,
नगरनियोजनाचे काही अभ्यासक,
मळा, पणजी