असई नावाची बोट

ती. आबांना सा. नमस्कार,

इकडं सगळं ठीक आहे, थंडी वाढलीय पण हीटर चालू असतो, काळजी करू नका. आज एक वेगळंच सांगायचंय. आपल्या जालन्याकडच्या असईच्या नावाची एक लढाऊ बोट होती आणि ती इथंच, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला बांधली होती! एल्झविक भागात टाईन नदीच्या काठावर आर्मस्ट्राँग या तोफा-जहाजं बनवणाऱ्या कंपनीचं मोठं यार्ड होतं, आता नाहीये, तिथं १८९० मधे ती पाण्यात सोडली. तिच्या जोडीच्या बोटीचं नाव प्लासी. दोन्ही हिंदुस्थानच्या सरकारसाठी, मुंबईच्या रक्षणाला. म्हणजे नावं बघा ना आबा, १७५७ ची प्लासी अन् १८०३ ची असई, जिथं जिथं आपली माणसं हरली तीच नावं आपल्याच बंदरात उभ्या बोटींवर. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं.

तिला टॉर्पेडो गनबोट म्हणायचे. साधारण २३० फूट लांब, ७३५ टन, दोन मोठ्या तोफा आणि टॉर्पेडो (पाण्यातनं जाऊन जहाजावर फुटणारा बॉम्ब) सोडायच्या नळ्या. त्या काळी छोट्या वेगवान टॉर्पेडो बोटी रात्रीच्या गुपचूप येऊन मोठं जहाज बुडवतील अशी भीती होती, त्यांना पळत जाऊन पकडायचं हे हिचं काम. पण या जातीच्या बोटींचं दुखणं एकच, बॉयलर! आगगाडीच्या इंजिनासारखे बॉयलर बसवलेले, हलके पण जोर लावला की गळायचे, मग ठरलेला स्पीड यायचाच नाही आणि जिला पकडायचं तीच पुढं निघून जायची. १८९३ मधे ब्रिटिशांनी याच कामासाठी डिस्ट्रॉयर नावाच्या नव्या लढाऊ बोटी पाण्यात आणल्या, त्या खूपच वेगवान, त्यामुळं गनबोटीचा जमाना तिथंच संपत आला. असईला तर १९०४ मधे विकूनच टाकलं, म्हणजे जेमतेम चौदा वर्षं.

इथल्या यार्डातनं समुद्राकडं जाताना मधे एक फिरता पूल लागतो, १८७६ चा, आर्मस्ट्राँगनीच बांधलेला, तो बाजूला वळला की जहाजं जायची, असईसुद्धा तिथनंच गेली असणार. मी ऑफिसला जाताना रोज तो पूल बघतो.

असईला इंग्रजांचा सेनापती होता त्या वेलिंग्टनला म्हणे आयुष्यातली सगळ्यात चांगली लढाई असईचीच वाटायची, म्हणून इंग्रजांना ते नाव एवढं प्यारं. आपल्या शिंदे-भोसल्यांच्या तोफखान्यानं त्याच्या फौजेचं किती नुकसान केलं ते मात्र इथं कुणाला विचारलं तर माहीत नसतं. तुम्ही असईजवळच्या केळणा-जुई नद्यांच्या संगमाकडं गेलात तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना लढाईबद्दल काय काय ऐकलंय ते विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा, मला सगळं नीट लिहून ठेवायचंय.

आजीला नमस्कार सांगा, गोळ्या वेळेवर घ्या.

तुमचा नातू