राऊटरची वाय-फाय सुरक्षा डब्ल्यूईपी या जुन्या पद्धतीवर ठेवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मी वडगाव, बेळगाव येथील आपला ग्राहक. घराला लागूनच आमचे चार माग आहेत. साड्यांचा हिशेब, जीएसटी, बँकेचे व्यवहार, सगळे याच नेटवर चालते.

गेल्या महिन्यात राऊटर बंद पडला, तेव्हा आपल्या माणसाने दुसरा, वापरलेला बसवला. पासवर्ड काय ठेवू, हे विचारलेसुद्धा नाही. दारावरच्या पाटीवरचा माझा मोबाईल नंबरच टाकून तो गेला. पंधरा दिवसांत महिन्याचा डेटा संपला आणि वर 199 रुपये भरावे लागले. भाच्याने राऊटरचे पान उघडले तर अकरा उपकरणे जोडलेली. आमची पाच. बाकीची सहा कोणाची?

नुसता पासवर्ड सोपा असता तर तो बदलून मी गप्प बसलो असतो. पण सुरक्षा डब्ल्यूईपीवर होती. तिच्या 64 बिटांच्या किल्लीला, म्हणजे पासवर्डला, दहाच आकडे लागतात, म्हणून मोबाईल नंबर तिथे बरोबर बसतो. या पद्धतीतला दोष 2001 सालीच उघड झाला. हवेतून जाणारा पुरेसा डेटा पकडला की साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत किल्ली सापडते, मग पासवर्ड कितीही अवघड असो. डब्ल्यूपीए२ ही तिच्याहून भक्कम पद्धत 2004 पासून आहे, आणि याच राऊटरात तो पर्यायही आहे.

भाच्याने तो लावला. पुढच्या आठवड्यात स्पीडसाठी आलेल्या आपल्या माणसाने राऊटर रिसेट करून पुन्हा तेच केले. मी हरकत घेतली तर म्हणाला, "काय होत न्हाई ओ मामा, सगळ्यांचं असंच ठेवतो, ध्यानात राहतं." माझी तक्रार या वाक्यावर आहे. आमच्या गल्लीत विणकरांची घरे आहेत, दारोदारी नंबराच्या पाट्या आहेत. म्हणजे प्रत्येकाची किल्ली दारावरच टांगलेली.

म्हणून माझ्याकडे आणि गल्लीतल्या आपल्या सर्व ग्राहकांकडे डब्ल्यूपीए२ आणि त्यातले एईएस (डेटा कुलूपबंद करण्याची पद्धत) लावून द्यावे, पासवर्ड ग्राहकाने स्वतः टाकावा. राऊटरचे लॉगिन अजून ॲडमिन-ॲडमिनच आहे, तेही बदलावे. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने उपकरण जोडायची सोय, बंद करावी. तिचा आठ आकडी पिन जास्तीत जास्त 11,000 प्रयत्नांत सापडतो, हे 2011 पासून माहीत आहे. सूचनांचा कागद इंग्रजी आणि कन्नडमध्येच आहे. माझी आई मराठी वाचते, तिला वाचता येईल असा कागदही द्यावा.

माझे 199 रुपये परत मिळावेत. सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे.

आपला,
एक ग्राहक, वडगाव