हप्ता सातबाऱ्याला, मग कसणाऱ्याला काय?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

पीएम किसानचा हप्ता कधी पडणार, कुणाचं ई-केवायसी अडकलं अशा बातम्या तुमच्या पेपरात नेहमी येतात, कामाच्या असतात त्या. पण जे त्या यादीत बसूच शकत नाहीत त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मी लातूर जिल्ह्यातला. माझ्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. नऊ वर्षं झाली गावातल्याच एका काकांची सहा एकर कोरडवाहू बटईने करतोय, काका खाजगी कंपनीतून रिटायर होऊन पुण्यालाच राहिलेत. दर पाडव्याला तोंडीच ठरतं, बी-खत निम्मं, माल निम्मा, बाकी पेरणी, फवारणी, खुरपण, काढणी सगळं माझं आणि माझ्या बायकोचं. केंद्राचे वर्षाला ६००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरीचे ६००० मात्र काकांच्या खात्यावर पडतात. काकांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पोरगी दवाखान्यात होती तेव्हा न मागता पैसे पाठवलेत त्यांनी. नियमच तसा आहे, सातबाऱ्यावर ज्याचं नाव तोच शेतकरी.

ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारच्या ॲपवर पिकाची नोंद, ती पण मीच करतो. बांधावरून आत शिरायचं, सोयाबीनमध्ये उभं राहून मोबाईलवर फोटो काढायचा आणि खातं निवडायचं काकांचं, म्हणजे सरकारला जो फोटो जातो तो मी काढलेला, पीक मी पेरलेलं, पण माझं नाव टाकायला तिथं जागाच नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाणी पाणी झालं तेव्हा आमच्या रानात पण गुडघ्याएवढं होतं, ओसरलं तेव्हा शेंगांना जागच्या जागी मोड आलेले. पंचनाम्याला साहेब आले, चिखलात त्यांच्यासोबत मी फिरलो आणि कागदावर नाव लागलं मालकाचं. कोरडवाहूला हेक्टरी ८५०० चा दर होता, जे आले त्यातले निम्मे काकांनी दिले. पण सगळे मालक असे नसतात हो, आणि उसनवारी करून बी-खताचा निम्मा खर्च मी घातलेला, तो परत मिळणं कुणाच्या चांगुलपणावर का असावं?

लोक म्हणतात मग लेखी करार करून घ्या. कोण देतं? मालकाच्या डोक्यात एकच भीती असते, कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल. ती उगाच नाही, पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कायदा, आमच्याकडे १९५० चा हैदराबादचा, त्या काळात कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी झाल्या हे घरोघर माहिती आहे. पीक विम्यात बटईदाराला जागा आहे म्हणतात, पण त्याला पण रजिस्टर भाडेकरार लागतो, आणि तालुक्याला विचारायला गेलो तर पहिला प्रश्न हाच, करार आहे का. नाही म्हटलं की विषय संपला. दोन वेळा दिवसाची मजुरी बुडवून जाऊन आलोय.

यावर उपाय नाही असं नाही. आंध्रात २०१९ ला कायदा केला, ११ महिन्यांचा करार, कसणाऱ्याला कार्ड मिळतं आणि मालकाच्या हक्काला धक्का लागत नाही. ओडिशाने त्याच वर्षी शेतकऱ्यांना पैसे देणाऱ्या कालिया योजनेत बटईवाले आणि भूमिहीन दोघांना घेतलं. नीती आयोगाने तर २०१६ लाच जमीन भाड्याने देण्याचा नमुना कायदा करून ठेवलाय, आपल्याकडे तसा कायदा केला तर मालकाची भीती पण जाईल आणि आमचं नाव पण कुठंतरी लागेल.

काकांचे १२ हजार काढून मला द्या असं मी म्हणत नाही. तो कायदा होईल तेव्हा होईल, पण तोवर निदान ई-पीक पाहणीत कसणाऱ्याच्या नावाचा एक रकाना द्या, मालकाने मोबाईलवर संमती दिली की तो भरता यावा, आणि नुकसानभरपाई व विमा त्या नावावर यावा. गावात आम्ही बटईने आणि ठोक्याने (ठरलेली रक्कम देऊन) करणारे बरेच आहोत. येत्या खरिपाच्या पाहणीआधी एवढं झालं तरी फार होईल.

आपला,
एक बटईदार शेतकरी, जि. लातूर