व्होल्टेजचं टिपण लिहून देणाऱ्या दादांचे जाहीर आभार

शरणपूर रोड, नाशिक

दादा,
सप्रेम नमस्कार.

पाठकोऱ्या कागदावर तुम्ही लिहून दिलेलं, प्रोसेसरच्या व्होल्टेजचं टिपण आमच्या व्हिडिओ एडिटिंगच्या प्रत्येक मशीनशेजारी भिंतीवर लावलेलं आहे. आभार फोनवरही मानता आले असते. पण कॉलेज रोडपासून सातपूरपर्यंत जो तो “१.३५ व्होल्ट टाक, चालतंय” एवढ्यावर ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या वर पळवणं) उरकतो. तुमचं म्हणणं चार जणांच्या वाचनात यावं, म्हणून हे पत्र जाहीर.

सगळ्यात आधी तुम्ही विचारलंत, मशीन काम काय करणार? हा प्रश्न कुणी विचारत नाही. लग्नाचा तीन-चार तासांचा व्हिडिओ प्रोसेसरवर एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) मध्ये काढायचा तर ते काम करणारा एन्कोडर एव्हीएक्स-२ ही प्रोसेसरची जड गणिताची सोय वापरतो, आणि तेव्हा कोअर (प्रोसेसरचे प्रत्यक्ष काम करणारे भाग) जेवढा करंट ओढतात तेवढा गेममध्ये कधीच ओढत नाहीत. त्यामुळे गेममध्ये महिनोन् महिने न अडकलेली सेटिंग एक्सपोर्टला मान टाकते.

आमच्या इंटेल आय-७ १०७००के प्रोसेसरसाठी तुम्ही दिलेला क्रम असा. एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) बंद, म्हणजे रॅमच्या चुका प्रोसेसरच्या माथी बसत नाहीत. मदरबोर्डाचं, सगळ्या कोअरना आपणहून जास्त वेग देणारं मल्टिकोअर एन्हान्समेंट बंद. व्हीकोअर (कोअरना मिळणारं व्होल्टेज) ऑटोवरून काढून फिक्स्ड १.२५ व्होल्ट, सगळ्या कोअरचा रेशो ४८ (म्हणजे ४.८ गिगाहर्ट्झ), रिंगला (कोअरना जोडणाऱ्या भागाच्या वेगाला) हात नाही. मग चाचणी: सिनेबेंच आर-२३ हा प्रोग्रॅम दहा मिनिटं. निघालं तर रेशो एकाने वर, अडकलं तर व्होल्टेज ०.०१ ने वर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सिनेबेंच पास झालं की ओसीसीटी ही दुसरी चाचणी तासभर, आणि शेवटी खरं काम: एक पूर्ण लांबीचा एक्सपोर्ट. प्राइम-९५ या प्रोग्रॅमची स्मॉल एफएफटी चाचणी एव्हीएक्ससह लावली तर हा प्रोसेसर सहज दोनशे वॅटच्या पुढे जातो. ती परीक्षा आमच्या कामापेक्षाही कडक, म्हणून तिच्यासाठी व्होल्टेज चढवायचं नाही, हेही तुमचंच.

मशीन बंद पडेपर्यंत वाट पाहायची नाही, हे आम्हाला सर्वांत उपयोगी पडलं. क्लॉक वॉचडॉग टाइमआउटचा निळा स्क्रीन आला की व्हीकोअर कमी पडतंय हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच्या आधीच विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या डब्ल्यूएचईए-लॉगरच्या १९ नंबरच्या नोंदी पडायला लागतात. चूक झाली, प्रोसेसरने ती स्वतः निस्तरली, काम चालू राहिलं. बाहेरून सगळं आलबेल. अशी एक जरी नोंद दिसली तरी सेटिंग काठावर आहे असं धरून व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ ने वाढवायचं किंवा रेशो एकाने उतरवायचा.

लोड-लाइन कॅलिब्रेशन (एलएलसी), म्हणजे लोडखाली व्होल्टेज किती खाली बसू द्यायचं ती सेटिंग, तुम्ही ज्या सबुरीने समजावलंत, तसं कुणी समजावताना पाहिलं नाही. बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) १.३० टाकलं म्हणजे चिपला १.३० मिळालं असं नव्हे. लोड आला की व्होल्टेज खाली बसतं, मवाळ लेव्हलवर १.२१-१.२२ पर्यंतसुद्धा. हे बसणं मुद्दाम ठेवलेलं असतं. ते नको म्हणून लोक एलएलसी सगळ्यात कडक लेव्हलला नेतात आणि एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ रेघ पाहून खूश होतात. पण लोड एकदम सुटतो त्या क्षणी व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळतं. उसळी मायक्रोसेकंदांची, ती सॉफ्टवेअरला दिसत नाही, ऑसिलोस्कोपच लावावा लागतो. म्हणून लेव्हल मधली, आणि नजर लोडखालच्या व्हीकोअरवर. व्हीआयडीवर नाही, व्हीआयडी म्हणजे प्रोसेसरची मागणी, आणि फिक्स्ड मोडमध्ये तिचा प्रत्यक्ष व्होल्टेजशी मेळ बसेलच असं नाही. त्यात लेव्हलच्या नंबरांचा गोंधळ वेगळा: आसुसच्या बोर्डावर मोठा नंबर कडक, एमएसआय आणि अ‍ॅसरॉकवर छोटा नंबर कडक. कुणाची सेटिंग बघून नंबर तसाच उचलला की घात ठरलेला.

आता उकाडा. लग्नसराई आणि नाशिकचा उन्हाळा एकदमच येतात, हे आमच्या धंद्याचं दुखणं. निफाडकडे शेकोट्या पेटलेल्या असताना खोली १८ अंशांवर असते, मे महिन्यात दुपारी तीच ३६ वर. खोलीचा वाढलेला प्रत्येक अंश जवळपास जसाच्या तसा कोअरवर चढतो. जानेवारीत ७८ दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात ९६ ला टेकतो, आणि १०० ला तो स्वतःच क्लॉक पाडतो. मग ओव्हरक्लॉक केलं कशाला? शिवाय चिप तापली की गळतीचा (नुसता वाया जाणारा) करंट वाढतो आणि त्याच क्लॉकला व्होल्टेजही थोडं जास्त लागतं. त्यामुळे थंडीत सेटिंग बसवलेल्या मशीनला तेव्हा ७०-७२ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, हा तुमचा नियम.

तुमचा हिशेब तर आम्ही येईल त्याला ऐकवतो. वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. १.२५ चं १.३५ केलं तर त्याच क्लॉकला साधारण १७ टक्के जास्त. त्यासोबत क्लॉक ४.७ वरून ५.० गिगाहर्ट्झ केला की एकूण २४ टक्के, गळती वेगळीच. हातात काय पडतं? फार तर सहा टक्के वेग. म्हणून आमची मशिनं ४.८ वर आणि लोडखाली १.२० च्या आसपास थांबली आहेत. कुणी हसलं तर हसू दे.

घरातली लाइट कमीजास्त होते म्हणून ओव्हरक्लॉक टिकत नाही, हा समजही तुम्ही मोडून काढलात. चांगला एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) बाहेर २०० असो की २४०, आत १२ व्होल्टच देतो. व्हीकोअर बोर्डावरचं व्हीआरएम, म्हणजे व्होल्टेज नेमकं करणारं सर्किट, बनवतं. दोष शोधायचा तर तिथे, त्याच्या हीटसिंकवर हवा पोचते का ते बघायचं.

एक्सएमपी परत चालू करताना व्हीसीसीएसए आणि व्हीसीसीआयओ (प्रोसेसरच्या रॅमशी बोलणाऱ्या भागांची व्होल्टेज) हाताने टाकायला लावलंत, तेही बरं केलंत. ऑटोवर काही बोर्ड ते १.३५ च्या वर नेऊन ठेवतात. ३२०० वेगाच्या रॅमच्या दोन स्टिकना १.१५ च्या आसपास सहसा पुरतं. ऑटो म्हणजे सुरक्षित असं मानणाऱ्यांसाठी उदाहरणं आहेत. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स-३डी जळायला लागल्यावर एएमडीने एसओसी (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं) व्होल्टेज १.३० ला बांधलं. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने १३व्या-१४व्या पिढीसाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमची दुरुस्ती) काढून १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली.

आता एक मागणं. सिडकोतल्या मित्रमंडळींकडे रायझन ५६००एक्स आहेत आणि तेही टिपण मागतात. आम्ही तात्पुरतं एवढंच सांगितलंय की फिक्स्ड व्होल्टेज टाकू नका, सिंगल-कोअर बूस्ट (एकाच कोअरला मिळणारा वाढीव वेग) जातो. कर्व्ह ऑप्टिमायझरला (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगला) सगळ्या कोअरला उणे १० पासून सुरुवात करा, सगळ्यात चांगल्या दोन कोअरना कमी उणे ठेवा, आणि चाचणी एकेका कोअरची घ्या, कारण तिथे मशीन भर लोडला नाही, तर रिकामं बसलेलं असताना रीस्टार्ट होतं. यात काही दुरुस्ती असली तर कळवा. रविवारी दुकान बंद असतं तेव्हा कागद-पेन घेऊन आम्हीच येतो.

आपले,
शरणपूर रोडवरचे एडिटिंगवाले