गंगावेशीतल्या काकांना, पाठकोऱ्या कागदावरून

तीर्थरूप काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांदेखत लिहितोय. घरी येऊन आभार मानायला लागलो असतो तर तुम्ही "बास कर की, च्या घे" म्हणून विषयच मोडला असता.

चार वर्षांपूर्वी मी लेखक होतो, फक्त लिहीत नव्हतो. दोनशे पानी वह्या घेतल्या, भारीतलं पेन घेतलं, संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊन बसलो. सूर्य मावळला, भेळ संपली, ओळ काही आली नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर तुमच्यापुढं रडगाणं गायलो, मूडच लागत नाही म्हणून. ग्लासातला फेस फुंकत तुम्ही म्हणालात, "खांडेकरांची नजर गेली, तरी सांगून लिहून घेत हुते. तुला मूड पायजे हय?"

दुसऱ्या दिवशी प्रेसमधल्या पाठकोऱ्या कागदांचा पाचशेचा गठ्ठा हातात दिलात. "रोज एक. लिहून फाडलास तरी चालंल, चुकवायचा न्हाई." कोऱ्या वहीची मला धास्ती वाटायची. पण ज्याच्या मागं कुणाच्या तरी बारशाची पत्रिका चुकीच्या तारखेनं छापलीय, त्या कागदाला काय भ्यायचं?

आणि तुम्ही 'काय लिहिलंस' असं कधी विचारलंच नाहीत. रोजचा प्रश्न एकच, "आज काय ऐकलंस?" पहिले काही दिवस मी थापा मारल्या. तुम्हाला कळत होतं. मग नाइलाजानं कान उघडले. कट्ट्यावर एक म्हैस धार काढू देईना, तेव्हा गवळी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सरळ हुबी ऱ्हा, पावणं आल्यात." ते वाक्य तसंच घरी नेलं. त्यातनं माझी पहिली पुरी झालेली गोष्ट निघाली.

ती वाचून तुम्ही कौतुक केलं नाहीत, याचा राग बरेच दिवस होता. तुम्ही आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेले. बोट ठेवून म्हणालात, "ह्या ओळीत चार विशेषणं. एकेक अक्षर हातानं उचलून लावायला लागलं असतं, तर किती ठेवली असतीस?" एकच ठेवलं असतं. आजही लिहिताना तुमची ती काळी पडलेली बोटं दिसतात आणि मी खोडत सुटतो.

करवीर नगर वाचन मंदिरात मला तुम्हीच धाडलंत. १८५० पासूनची संस्था, आणि मी रोज तिच्यावरून गाडी काढत होतो! एकच कथा तीनदा वाचायला लावलीत. तिसऱ्या खेपेला कुठं कळलं, लेखकानं काय काय सांगितलेलंच नाही.

आई दवाखान्यात होती ते अकरा दिवस कागद कोरेच राहिले. मी खाली मान घालून आलो. तुम्ही आईचं विचारलंत, कागदांचं नाही.

तिसरा गठ्ठा संपत आलाय, सात कागद उरलेत. रविवारी येतो.

तुमचा,
कट्ट्यावरचा थापाड्या