'गप्प बसा' फलकावर नको

महोदय,

नाट्यगृहे, वाचनालये, इस्पितळे यांच्या भिंतींवर शांततेची विनंती करणारे मराठी फलक गोव्यात ठिकठिकाणी दिसतात. शब्द मात्र जागा न बघता उचललेले असतात.

'गप्प बस'मधल्या 'बस'चा अर्थ प्रत्यक्ष खाली बसणे असा नाही. उभ्या माणसालाही 'गप्प बस' म्हणता येते. 'शांत बसा'मधले बसणे मात्र बहुधा शब्दशः घेतले जाते. म्हणून तिसऱ्या घंटेआधीच्या निवेदनात 'शांत बसा' शोभते. औषधांच्या खिडकीपुढच्या रांगेला 'शांत राहा'च सांगावे. ('रहा' लिहिले तरी चूक नाही. आज्ञार्थात दोन्ही रूपांना लेखननियमांची मुभा आहे. उगाच रंगाऱ्याशी भांडू नये.) 'गप्प'ला 'बसा' लावले तरी आदर येत नाही, 'तुमचे बोलणे पुरे' हा सूर राहतोच. काल्याच्या (देवळातल्या उत्सवाच्या) नाटकात मागच्या रांगेतून कुणा वडीलधाऱ्याला ते ऐकवले, की रंगमंचावरचा प्रवेश बाजूला राहतो आणि खालचा रंगतो. 'चूप' त्याहून कडक. 'चिडीचूप' तर आज्ञाच नव्हे, ते वर्णन.

नुसता 'श्श' बरा: त्यात कंठ वापरावा लागत नाही, म्हणून कुजबुजीतही चालतो. पण छापताना 'शू' करू नये. त्या शब्दाने लहान मुलांना दुसरेच काही करायला बसवतात.

इस्पितळाबाहेरचे 'शांतता क्षेत्र' ही कायद्याची भाषा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार इस्पितळे, शाळा, न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचा पट्टा असा जाहीर करता येतो. तिथली मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. हा फलक वाहनांसाठीही आहे, तेव्हा फाटकावर त्याखाली 'हॉर्न वाजवू नका' हवे. आत वॉर्डात 'हळू बोला' पुरे. नुसते 'हळू' नको, ते वेगाचेही आहे.

राहिला कोकणीतला 'ओगी राव', म्हणजे गप्प राहा. मराठीतही 'उगा राहा' म्हणजे स्तब्ध राहा, पण तो प्रयोग मागे पडला आणि 'उगी उगी' रडत्या बाळापुरते उरले. कोकणी फलकाशेजारी मराठी मजकूर लिहिताना 'ओगी'च्या जागी 'उगी' ठेवले, तर वाचणाऱ्याला आपली समजूत काढली जात आहे असे वाटेल. तिथे 'शांत राहा' लिहावे.

– मराठीचे एक शिक्षक, फोंडा