सडा पडीक नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातील जमिनींच्या व्यवहारांविषयी लिहिले जाते तेव्हा समुद्रकिनाऱ्यालगतच्या जागांचाच विचार प्रामुख्याने होतो. किनाऱ्याला निदान १९९१ पासून सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, नियमांचा आधार तरी आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत गावांच्या डोक्यावर पसरलेल्या जांभ्याच्या सड्यांना, म्हणजे सपाट कातळ-पठारांना, मात्र असा कोणताही आधार नाही, आणि आज झपाट्याने विकले जात आहेत ते हेच सडे. त्यांच्याविषयी हे पत्र आहे.

बहुतेक सड्यांची सातबाऱ्यावरील नोंद ‘पोटखराबा’ अशी असते. या जमिनीत पीक निघत नाही, म्हणून तिच्यावर आकारणी नाही, एवढाच महसुली भाषेत त्या शब्दाचा अर्थ. परंतु शेतसारा ठरवण्यासाठी वापरलेला हा शब्द पुढे जमिनीची योग्यता ठरवणारा होऊन बसला. खरेदी करणारा तीच नोंद दाखवून भाव पाडतो, विकणाराही ‘नाहीतरी कातळच आहे’ म्हणून सही करतो, आणि परवानगी देणाऱ्याला त्या कातळाखाली काय आहे हे विचारण्याचे कारण उरत नाही.

त्या कातळाखाली पाणी आहे. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सड्यावर पडलेल्या पावसापैकी काही भाग वाहून जातो, काही खळग्यांत साचतो आणि बराचसा भेगांमधून खाली मुरतो. जांभ्याच्या खाली शेडीचा, म्हणजे मऊ मातीचा, चिकट थर लागला की पाणी तेथे अडते, आडवे सरकते आणि सड्याच्या उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. आमच्या बहुतेक वाड्या या झऱ्यांच्याच खाली वसल्या आहेत, हा योगायोग नाही. वाडीची विहीर, आगरातील नारळी-पोफळी, पऱ्ह्याला (ओढ्याला) बांध घालून केलेली भाजी हे सारे त्या पाण्यावर उभे आहे. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत ज्या भागात अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, तेथे सड्याला निरुपयोगी म्हणणे मला समजत नाही.

आमच्या वाडीच्या वरचा सडा तीन वर्षांपूर्वी बाहेरच्या एका खरेदीदाराने घेतला. जेसीबी आणि ब्रेकर लावून खळगे बुजवले, उंचवटे फोडले, वर मातीचा भराव घातला, भोवती चिऱ्याची भिंत उभी केली आणि आत प्लॉट पाडले. गुरे ज्या पाखाडीने पिढ्यान्‌पिढ्या सड्यावर चरायला जात, ती भिंतीपाशी येऊन संपली. पहिल्याच पावसाळ्यात भरावाची माती खालच्या भाताच्या मळ्यांत उतरली. पूर्वी शिमग्यापर्यंत वाहणारा पऱ्ह्या आता मार्गशीर्षातच आटतो. हे एका वाडीचे निरीक्षण आहे, याची मला जाणीव आहे. पण तालुक्यात कोठेही बसून बोलले तरी हीच हकीकत दुसऱ्या गावाच्या नावाने ऐकू येते.

जूनच्या पहिल्या पावसानंतर सड्यावर उमलणारी दीपकाडी कोकणाबाहेर क्वचितच आढळते. कशेळी, देवीहसोळ, बारसू, उक्षी, कुडोपी येथील कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. जी जमीन जगाच्या नकाशावर वारसा म्हणून नोंदली जाते, तीच गावच्या दप्तरात खराबा राहते, ही विसंगती कोणीतरी दूर करायला हवी.

माझा विरोध लागवडीला नाही. १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हा आमच्या घरानेही कातळात सुरुंग लावून खड्डे घेतले, खालून माती वाहून नेली आणि हापूसची कलमे लावली. त्या कलमांनी आम्हाला तारले. तरीही दोन कलमांमधला कातळ तसाच राहिला आणि पाणी मुरत राहिले. संपूर्ण सडा सपाट करून त्यावर रस्ते आणि गटारे बांधणे ही वेगळी गोष्ट आहे.

विकणाऱ्यांनाही मी दोष देणार नाही. सामाईक सातबाऱ्यावर वीस-तीस नावे, त्यांतील निम्मी मंडळी मुंबईत, वाटप झालेले नाही आणि गवतापलीकडे वर्षाचे उत्पन्न नाही. अशा वेळी दलालाने दाखवलेली रक्कम मोठीच वाटणार. सड्याचे पाणी सगळ्या गावाला मिळते, पण तो राखण्याचा भार एकट्या खातेदाराने उचलावा असे म्हणणे न्यायाचे नाही. म्हणून सडा मोकळा ठेवणाऱ्या खातेदारांना शासनाने दरवर्षी काही मोबदला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सड्यावरील जमिनीचा अकृषिक वापर होऊ देण्यापूर्वी खालच्या झऱ्यांची आणि विहिरींची पाहणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून करून घेण्याची अट असावी. ग्रामपंचायतींना तर कोणाची वाट पाहण्याचेही कारण नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावाची जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. सड्याचे खळगे, झरे, गुरांच्या वाटा आणि कातळशिल्पे तिच्यात गट क्रमांकांसह लिहून घ्यावीत. आमच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, असा लेखी अर्ज मी दिला आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील इतर गावांनीही सड्यांचे पुढचे व्यवहार होण्याआधी, येत्या पावसाळ्यात झरे वाहते असतानाच हे काम हाती घ्यावे, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करीत आहे.

आपला,
एक बागायतदार
ता. राजापूर, जि. रत्नागिरी